आबांचा प्रायव्हेट नंबर

गेटमन आबांना काहीही सांगा, ते आधी तुमचं वाक्य जसंच्या तसं तुम्हाला परत करायचे. "आबा, चहा घेणार का?" असं विचारलं की उत्तर यायचं, "चहा घेणार का. बरोबर ऐकलं?" आपण हो म्हणालो की मगच पुढचं. "व्हय. बिनसाखरेचा." पहिल्या भेटीत मला वाटलं, म्हातारा कानानं अधू आहे, म्हणून मी ओरडून बोललो. दुसऱ्या भेटीत वाटलं, आपली टिंगल करतोय, म्हणून चिडलो. मी तसा पटकन चिडतो. साखरेनं माणूस चिडका होतो असं मी सगळ्यांना सांगत असे. माझी बायको सुनंदा म्हणते, साखरेला कशाला बोल लावता, लग्नात मांडवातही असेच होता.

ही सवय आबांना रेल्वेनं लावली होती. घोरावाडीजवळच्या एका फाटकावर ते बत्तीस वर्षं गेटमन होते. गाडी यायची असली की स्टेशन मास्तरांचा फोन यायचा, अमुक गाडी निघाली, गेट बंद करा. गेटमननं ते वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं, गेट लावायचं आणि मास्तरांना एक दोन आकडी नंबर सांगायचा. त्याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. त्या नंबरांचा छापील तक्ता गुमटीत, म्हणजे गेटमनच्या खोपटात, असायचा, सगळे आकडे उलटेसुलटे, एकदा वापरला की त्यावर काट. तो नंबर कानावर पडला म्हणजे पलीकडे जागा माणूस आहे आणि त्यानं गेट खरंच लावलंय, एवढं मास्तरांना कळायचं. नुसतं "लावलं, लावलं" तिथं चालत नाही. पुढे ते फाटक गेलं, खालून भुयारी रस्ता निघाला, आबा निवृत्त झाले. पण फोन उचलला की त्यांचं पहिलं वाक्य तेच राहिलं. "बोला, गेटवर हाय."

आमची सोयरीक साखरेनं जुळवली. तळेगावच्या ज्या दवाखान्यात आम्ही दोघं मधुमेहासाठी जायचो, तिथं एके दिवशी आमच्यासारख्या पंचवीस-तीस जणांना बसवून मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. मधुमेहानं शरीराआधी मनच थकतं, असं तिथल्या समुपदेशक मॅडम सांगत होत्या. रोज सुई, रोज आकडा, रोज घरच्यांचे सल्ले, ह्याचा वैताग साठत जातो आणि मग माणूस औषधच सोडतो. त्यावर हे अ‍ॅप. सकाळी उठून साखरेचा आकडा टाकायचा, तीन चेहऱ्यांपैकी एक दाबायचा, हिरवा हसरा, पिवळा गप्प किंवा लाल रडका. पुढं श्वासाचा व्यायाम, मनातलं लिहायचं एक पान. आणि प्रत्येकाला एक सोबती. सोबत्याचा चेहरा आणि आकडा आपल्याला दिसणार, आपला त्याला. चिठ्ठीत मला आबा आले.

मला ह्या सगळ्याचं मनातून हसू येत होतं. मी लोणावळ्याजवळ वलवणला एका हॉटेलात मॅनेजर आहे. आमच्या काउंटरवर पाहुण्यांसाठी तसलेच तीन चेहरे असलेला एक टॅब ठेवलाय. जाता जाता पाहुणा हिरवा दाबतो, कारण त्याला पुढची गाडी गाठायची असते, आणि दाबत नसेल तर आम्ही इतकं गोड हसतो की तो लाजेनं दाबतो. हिरव्या चेहऱ्याची किंमत मला चांगली ठाऊक होती. पाहुणे, मालक, सुनंदा, सगळ्यांना "एकदम ठीक" म्हणणं हाच माझा धंदा होता.

आबांनी मात्र ते अ‍ॅप ड्युटीसारखं घेतलं. श्वासाच्या व्यायामात एक बाई संथ आवाजात सांगायची, "श्वास आत घ्या." आबा मोठ्यानं म्हणायचे, "श्वास आत घ्या. बरोबर." मग घ्यायचे. तोवर बाई श्वास सोडायला सांगून मोकळी झालेली असायची. बाई ऐकून घेत न्हाई, अशी त्यांची तक्रार होती. मनातलं लिहायच्या पानावर त्यांनी काय लिहिलंय ते त्यांनीच मला दाखवलं. "०७.४० मन ठीक. ११.१५ मन ठीक. १६.२५ मन ठीक." खाली सही. मी पोट धरून हसलो. समुपदेशक मॅडमही हसल्या, पण आबांच्या त्या परत म्हणण्याला हसल्या नाहीत. "समोरच्याचं ऐकून ते त्याला परत सांगायचं, हे शिकायला आम्हाला दोन वर्षं लागतात," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या आबांना आयतं येतं."

आबांचा अ‍ॅपवर तसा पूर्ण विश्वास नव्हता. चेहरा कोणी पण दाबंल, माकड पण दाबंल, म्हणायचे. म्हणून त्यांनी आमच्यापुरती रेल्वेची पद्धत सुरू केली. सकाळी सव्वासातला त्यांचा फोन. "मास्तर, नंबर द्या." फोनच्या पलीकडचा माणूस त्यांच्या लेखी कायम मास्तरच, म्हणून मी हॉटेलवाला असून मास्तर झालो. मी माझी उपाशीपोटीची साखर सांगायची. "एकशे चौऱ्याहत्तर. बरोबर ऐकलं?" मग ते त्यांची सांगणार, मी परत म्हणणार. कमी का, जास्त का, काल काय खाल्लंत, असं एका अक्षरानं विचारायचे नाहीत. मधुमेह झाल्यापासून मला सल्ला न देणारा हा पहिला माणूस भेटला होता. त्या अर्ध्या मिनिटाची मी वाट बघायला लागलो, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

चार महिने झाले आणि महिन्याच्या बैठकीला आबा आले नाहीत. सकाळी फोन झाला होता, आकडा सांगितला होता, चेहरा हिरवा होता. बैठक संपल्यावर घरी न जाता मी उलट दिशेनं घोरावाडीला गेलो. स्टेशनजवळ त्यांची दोन खोल्यांची जागा होती. आबा कॉटवर बसले होते, उजवा पाय धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. खोलीत वास येत होता. फडकं सोडलं तर अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलेलं. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, तीन आठवडे. मी त्यांच्यासमोर फोन काढला आणि त्यांचे तीन आठवड्यांचे हिरवे चेहरे त्यांना दाखवले. एकवीस.

"मास्तर, हिरवा म्हंजे ऑल राइट," आबा शांतपणे म्हणाले. "गाडी गेटवरनं जाताना आमी हिरवा दाखवायचा. लाल दाखवला की गाडी थांबती, मागच्या धा गाड्या थांबत्यात, मंग चौकशी. पोरगी नाशकाला तिच्या संसारात. घरातली जाऊन दीड वर्स झालं. एका बोटापायी मी कुनाकुनाची गाडी थांबवू?"

मला संताप आला. एवढा की मी वय बघितलं नाही. मी ओरडलो, "आबा, रूळ तुटलेला दिसत असताना तुम्ही कधी हिरवा दाखवला असता का?"

आबांनी सवयीनं सुरुवात केली. "रूळ तुटलेला दिसत असताना मी हिरवा..." आणि थांबले. बत्तीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच त्यांना वाक्य परत म्हणता आलं नाही. बायको गेल्यापासून ते रात्री जेवतच नव्हते, हे त्यांनी मग सांगितलं. गोळी घ्यायचे आणि पाणी पिऊन पडायचे. एकट्यानं ताट वाढून घ्यायची लाज वाटते, म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी स्वतःच्या हातानं फोनवर लाल चेहरा दाबला. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात गेलो. बोट गेलं, पाय वाचला.

त्यानंतर त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस त्या अ‍ॅपवर दुसरा नसेल. लिहायच्या पानावर पूर्वीच्याच वेळा, पण मजकूर वेगळा. "०७.४० पाय ठणकतो. ११.१५ मालगाडी गेली, बरं वाटलं. १९.३० हिची आठवण. ताट वाढलं. जेवलो." रोज संध्याकाळी साडेसातला वाढलेल्या ताटाचा फोटो मला यायचा. भाकरी, पालेभाजी, वाटीत डाळ. खाली काही लिहिलेलं नसायचं. हॉटेलात कितीही गर्दी असो, मी त्याला एक हिरवा अंगठा पाठवायचो.

आता माझ्या लबाडीचं सांगतो. त्याच वर्षी पावसाळ्यात डॉक्टरांनी मला इन्सुलिन सुरू केलं आणि डोळे तपासायला पाठवलं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके निघाले. साखर ताब्यात आली नाही तर नजर जाईल, वर्षभरातही जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरी येऊन मी सुनंदाला म्हणालो, चष्म्याचा नंबर बदललाय. आणि दुसऱ्या दिवसापासून बोटाला सुई टोचणं बंद केलं. आकडा बघितलाच नाही तर आकडा नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं. इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये वांग्यांच्या मागं पडून राहिली. मी बेफिकीर नव्हतो, फार घाबरलो होतो. पण घाबरलोय असं म्हणायची मला सवय नव्हती, 'एकदम ठीक' म्हणायची होती.

मग आबांना सव्वासातला मी मनानं आकडे सांगायला लागलो. एकशे अठरा. एकशे एकवीस. एकशे एकोणीस. एकशे वीस. आणि हिरवा. आबा प्रत्येक आकडा परत म्हणायचे, "बरोबर ऐकलं?" विचारायचे, आणि मी रोज न अडखळता "बरोबर" म्हणायचो. सतरा दिवस हे चाललं.

अठराव्या दिवशी शनिवार होता. पावसाळ्यातला शनिवार म्हणजे लोणावळ्यात काय असतं ते सांगायला नको. दुपारी दोनला काउंटरसमोर मुंबईची चार कुटुंबं, ओल्या बुटांचा चिखल, खोल्या अजून तयार नाहीत आणि मी सगळ्यांना हसून दाखवतोय. अक्षरं जरा धूसर दिसत होती, म्हणून पावती काढायचं काम मी काउंटरवरच्या पूजाकडे ढकललं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. मालक. "अरे, काय चाललंय तिकडं? पाच मिनिटांत नऊ लाल आले!"

पाहुण्यानं लाल दाबला की मालकाचा फोन लगेच वाजतो, ही सोय मीच हौसेनं करून घेतली होती. मी टॅबकडे बघितलं. काठीला टेकून, अंगावर पाणी निथळत असलेला स्वेटर, आबा उभे होते आणि एक बोट लावून सावकाश लाल चेहरा दाबत होते. दाबायचे, टॅब "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" म्हणायचा, ते थांबून वाचायचे, पुन्हा दाबायचे.

"आबा! हे काय करताय?"

"हे काय करताय. बरोबर ऐकलं," आबा म्हणाले. "मास्तर, तुमच्या वतीनं दाबतोय. तुमाला जमंना, म्हनून."

पाहुणे बघायला लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना मागच्या सामानाच्या खोलीत नेलं. वाटेत दात-ओठ खात त्यांना काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही. ते बॅगांच्या ढिगाशेजारी एका स्टुलावर बसले आणि माझं संपेपर्यंत थांबले.

"प्रायवेट नंबर कदी शेजारशेजारचे येत न्हाईत, मास्तर," ते म्हणाले. "आज बावीस, उद्या एक्क्याण्णव, परवा चौदा. खरा नंबर उड्या मारतो. तुमचा नंबर महिनाभर लय उड्या मारायचा, दोनशे, एकशे चाळीस, दोनशे साठ. सतरा दिस झालं, एका जागी बसलाय. आमच्यात बी एक गेटमन व्हता. तक्ता न बगता मनचाच नंबर सांगायचा. गेट उघडं, आन् मास्तराला वाटायचं बंद. बैलगाडी गेली त्यात. बैल दोन्ही गेले. मानूस वाचला. तुमी मनचा नंबर का देताय ते मी इचारत न्हाई. पन खरा काय हाय ते आत्ता, हितं बगू."

स्वेटरच्या आतून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं स्वतःचं मशीन काढलं. नवी सुई लावली. माझा हात हातात घेऊन बोटाला टोचली. आकडा आला तो मला नीट दिसला नाही. म्हणून मी फोनच्या उजेडात धरून वाचला. "तीनशे शहाऐंशी."

"तीनशे शहाऐंशी. बरोबर," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. उलट बऱ्याच दिवसांनी लाइन लागल्यासारखं त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "ह्यो खरा. आता बोला."

आणि मी बोललो. डोळ्यांचं, ठिपक्यांचं, वांग्यांमागच्या पेनांचं, सगळं. मी एकेक वाक्य म्हणायचो आणि आबा ते परत म्हणायचे. "डॉक्टर म्हणाले, नजर जाईल. बरोबर ऐकलं?" सतरा दिवस डोक्यात जे राक्षसासारखं बसलं होतं, ते आबांच्या खरखरीत आवाजात ऐकताना एक साधं वाक्य वाटायला लागलं. त्याला उत्तर असू शकतं, असं. "सुनंदाला सांगितलेलं नाही," मी शेवटी म्हणालो. हे त्यांनी परत म्हटलं नाही. माझा फोन माझ्या हातात दिला.

सुनंदा फोनवर रडली, मग भांडली, मग म्हणाली, पेनं कुठं ठेवलीत ते मला आठ दिवसांपासून माहीत आहे, तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होते. त्या संध्याकाळी ती डबा आणि इन्सुलिन घेऊन हॉटेलवर आली. आबांना तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. मालकांनी सोमवारी नऊ लाल चेहऱ्यांचा खुलासा मागितला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला डोळ्यांच्या उपचारासाठी आठवड्याला एक दिवस मोकळा दिला. मागितला असता तर आधीही दिला असता, असं म्हणाले. डोळ्यांत इंजेक्शनं घेतली, लेसर झालं. आज उजव्या डोळ्याला कडेला थोडं कमी दिसतं. बाकी दिसतं.

पुढची दोन वर्षं सव्वासातचा फोन चुकला नाही. माझे आकडे पुन्हा उड्या मारायला लागले, हळूहळू उड्या लहान झाल्या. आबा मात्र थकत गेले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयानं दगा दिला. नाशिकहून पोरगी आली, त्यांना तळेगावला दाखल केलं. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती, बोलताना दम लागत होता.

"मास्तर, नंबर."

"एकशे एकोणसाठ."

"एकशे एकोणसाठ. बरोबर." मग त्यांनी उशीजवळच्या फोनकडे मान वळवली. त्या दिवशीचा चेहरा दाबायचा राहिला होता. मी फोन उघडला आणि विचारलं, आबा, कुठला? मला वाटलं लाल म्हणतील. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला. अ‍ॅपवरच्या बाईनं कितीही सांगितलं तरी त्यांनी कधी घाई केली नाही.

"पिवळा दाबा," ते म्हणाले. "भ्या वाटतंय. पन मानूस जवळ हाय."

मी दाबला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा पलीकडे त्यांची मुलगी होती. मी फोन कानाला धरून उभा राहिलो आणि तिचं वाक्य मला परत म्हणता आलं नाही. माझ्या फोनमध्ये सोबत्याच्या जागी तो पिवळा चेहरा कित्येक दिवस तसाच राहिला. मी रोज बोट टोचत होतो, आकडा मोठ्यानं म्हणत होतो, आणि स्वयंपाकघरातून सुनंदा तो परत म्हणायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन महिन्यांनी समुपदेशक मॅडमनी विचारलं, नवा सोबती देऊ का. मी चिडून नाही म्हणालो, मग आठवड्यानं हो म्हणालो. कामशेतची एक अंगणवाडी सेविका मिळाली, वय चाळीसच्या आत, साखर निघून वर्षही झालेलं नाही. मी तिला पहिल्याच दिवशी सव्वासातची पद्धत समजावून सांगितली. ती हसली असावी. पहिले काही दिवस तिचे आकडे उड्या मारत होते. गेल्या आठवड्यापासून येतायत ते असे. एकशे बारा. एकशे चौदा. एकशे तेरा. एकशे बारा. सगळ्यांवर हिरवा.

काल सव्वासातला तिनं फोन उचलला नाही, म्हणून दहा वाजता मी हॉटेलातून पुन्हा लावला. तिनं आकडा सांगितला, एकशे तेरा. मी विचारलं, "ताई, कशा आहात?"

"सगळं ठीक हाय, दादा."

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो. "बरोबर ऐकलं?"

पलीकडे अंगणवाडीत कुणीतरी मूल रडत होतं. मी थांबलो. काउंटरवर पाहुणा उभा होता, त्याला पूजाकडे जायची खूण केली.

"न्हाई, दादा," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. "बोला ताई," मी म्हणालो, "गेटवर आहे."